बाळाची खोली, आजेसासूबाईंची ट्रंक आणि पंधरा हजार रुपये

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचला तेव्हा वाटलं, नेहमीचाच आहे. दुसऱ्यांदा वाचताना खरी गोम सापडली.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: सातवा महिना चालू आहे, डिसेंबरअखेरची तारीख आहे. बडोद्यात मांजलपूरला भाड्याचा फ्लॅट, त्यातली नऊ बाय दहाची खोली बाळासाठी काढून ठेवलीय, आणि हातात पंधरा हजार रुपये आहेत. दांडिया बाजारातल्या सासरच्या जुन्या घरात एक रंगीत पाळणा, आजेसासूबाईंच्या लुगड्यांनी भरलेली लोखंडी ट्रंक, एक आरामखुर्ची आणि माळ्यावर आणखी बरंच काही पडून आहे. घरमालकाला भिंतीवर रंग नको आणि खिळे तर अजिबात नकोत. सासूबाईंना बाळ यायच्या आधी पाळणा मांडलेला चालणार नाही. आणि तुम्हाला हवीय ती फोटोत दिसते तशी जुन्या वस्तूंची, हातानं सजवलेली खोली. यातलं काय वापरावं आणि सुरुवात कुठून करावी, हा तुमचा प्रश्न.

पण जाता जाता तुम्ही एक वाक्य टाकलंय: ‘पहिलं बाळंतपण आहे म्हणून मी इंदूरला आईकडे जाणार आहे.’ माझ्या दृष्टीनं सगळ्या प्रश्नाची किल्ली या वाक्यात आहे.

बडोद्यात घरं सजवण्याचं काम करायला लागून मला बावीस वर्षं झाली. मुलांच्या खोल्या तीसेक तरी केल्या असतील, काही अलकापुरीतल्या बंगल्यांत, बऱ्याचशा तुमच्यासारख्याच भाड्याच्या घरांत. त्या अनुभवावरून सांगते, पैसा कमी पडल्यामुळे खोली क्वचित बिघडते. बहुतेक वेळा ती बिघडते कारण नवव्या महिन्यात लागणारी वस्तू पहिल्या महिन्यात आणलेली असते आणि पहिल्या महिन्यात लागणारी आणायची राहून गेलेली असते.

तुमचंच गणित मांडू. बाळ डिसेंबरअखेर. सव्वा महिना माहेरी, म्हणजे बडोद्यात परत यायला फेब्रुवारीचा पहिला आठवडा उजाडणार. कुणी आग्रह केला तर मार्च. पाळणा वापरायचा तो बाळ हातांवर जोर देऊन छाती उचलायला किंवा बसू बघायला लागेपर्यंतच, म्हणजे साधारण पाच महिने. म्हणजे तुमच्या घरी पाळणा हलणार फेब्रुवारी ते मे, पुरते चार महिनेसुद्धा नाहीत. शिवाय पहिले सहा महिने तरी बाळानं आईवडिलांच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या अंथरुणावर झोपावं, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. मग ती नऊ बाय दहाची खोली जूनपर्यंत कशासाठी? दूध पाजायला, लंगोट बदलायला, कपडे ठेवायला आणि रात्री तीन वाजता रडणाऱ्या बाळाला घेऊन बसायला. म्हणजे सध्या ती बाळापेक्षा तुमचीच खोली आहे.

त्यामुळे माझी पहिली सूचना तुम्हाला कदाचित आवडणार नाही: सुरुवात खुर्चीपासून करा.

आरामखुर्ची आहे म्हणालात. ती दिसायला सुंदर असणार, पण तिच्यावर आजच जरा बसून बघा आणि हात न टेकता उठून दाखवा. जमणार नाही. त्या खुर्च्या जेवण झाल्यावर पेपर वाचत डुलकी काढणाऱ्या माणसासाठी केलेल्या असतात. बैठक खोल, पाठ कललेली. टाके असताना, एका हातात बाळ धरून त्यातून उठणं म्हणजे शिक्षा. माझ्या एका गिऱ्हाइकाकडे अशीच खुर्ची मी मोठ्या हौसेनं पॉलिश करून, नवं कापड घालून ठेवली होती. महिन्याभरानं गेले तर तिच्यावर वाळलेल्या दुपट्यांचा ढीग, आणि बाई जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर बसून पाजतायत. तेव्हापासून मी सरळ पाठीची, दोन्ही बाजूंना हात असलेली वेताची खुर्ची शोधते. बैठक जमिनीपासून सतरा-अठरा इंच. जुन्या घरात अशी एखादी असतेच, बहुतेक वेळा वेत फाटलाय म्हणून माळ्यावर गेलेली. वेत नव्यानं विणून घेता येतो आणि सांगाडा सागाचा असेल तर ती आणखी पन्नास वर्षं टिकेल. पायाखाली घ्यायला स्टूल विकत आणू नका, जेवायचा लाकडी पाट ठेवा. पाय जरा उंच टेकले की मांडी वर येते आणि पाठ वाकवावी लागत नाही.

आता जुन्या वस्तूंचं. ‘जुनं वापरू का’ याला हो किंवा नाही असं एकच उत्तर देता येत नाही. मी प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच गोष्ट विचारते: ही बाळाच्या तोंडाजवळ जाणार, हाताशी येणार, की नुसती डोळ्यांना दिसणार? तोंडाजवळ जाणारं जुनं फक्त कापड असावं, तेही मी पुढे सांगते तसं धुतलेलं. हाताशी येणारं लाकूड असेल तर ते तपासून घ्यायचं. जुना रंग, पत्रा, काच, मणी, पितळ हे सगळं नुसतं बघायला, बाळाच्या आवाक्याबाहेर. या चाळणीतून तुमचा अख्खा माळा गाळून काढा, निम्मा गोंधळ मिटेल.

सगळ्यात श्रीमंत वस्तू तुमच्याकडे ट्रंकेत आहे, आणि सगळ्यात धोक्याचीही तिथेच. लुगड्यांत डांबरगोळ्या असणार. जुन्या ट्रंका उघडल्या की येतो तो वास आपल्याला आजीचा वाटतो, पण तो नॅफ्थलीनचा असतो. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एंझाइम जन्मतः कमी असतं. अशा बाळाला डांबरगोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांचा नुसता संपर्क आला तरी तांबड्या पेशी फुटून मोठी कावीळ होऊ शकते. आपलं बाळ त्यातलं आहे की नाही, हे घरात बसून कळत नाही. म्हणून ही ट्रंक आजच उघडायला सांगा, आणि तुम्ही स्वतः उघडू नका. गोळ्या वेचून घराबाहेर टाकायच्या, लुगडी दोन-तीन दिवस गच्चीवर वारा-उन्हात ठेवायची, मग धुवायची, आणि नाकाशी धरून जराही वास आला तर पुन्हा तेच. बाळाचे कपडे त्या ट्रंकेत परत ठेवायचे नाहीत. कडुनिंबाचा पाला ठेवायचा असेल तर ट्रंकेत घडी करून ठेवलेल्या बाकीच्या लुगड्यांत खुशाल ठेवा.

धुण्याआधी प्रत्येक लुगड्याच्या कोपऱ्यावर ओला पांढरा रुमाल दाबून बघा. लाल, जांभळा, हिरवा रंग जुना झाला तरी सुटतो. रुमाल रंगला तर ते लुगडं पडद्यासाठी, बाळासाठी नाही. मग कापड उजेडाकडे धरा आणि दोन्ही मुठींत पकडून हलकेच ताणा. जीर्ण कापड चर्र करून सांगतं. ते सगळ्यात आधी घडीच्या रेघेवर फाटतं, कारण वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी दुमडलेलं असतं. त्या रेघा सोडून मधला भाग घ्यायचा. जरीचा काठ उसवून वेगळा काढायचा, जरीचे धागे बाळाच्या गालाला बोचतात. सुती लुगड्याचा मधला भाग पन्नास वर्षं वापरून जो मऊ होतो, तो मऊपणा दुकानात पैसे देऊनही मिळणार नाही. घरात आजोबांचं जुनं धोतर असेल तर लंगोटांसाठी त्याच्यासारखं कापड नाही.

दुपट्याला दोन पदर पुरतात, एक वार लांब, एक वार रुंद. गोधडीला मी चार पदर घेते, बाहेरचे दोन लुगड्याचे आणि आतले दोन जुन्या चादरीचे. सगळे पदर जमिनीवर अंथरून तळहातानं सपाट करायचे, कडेनं आणि मध्ये मोठे कच्चे टाके घालायचे, आणि मग बोटभर अंतरानं धावदोरा. मी मधून सुरुवात करून कडेकडे जाते, म्हणजे चुण्या बाहेर सरकतात. कडेकडून मध्ये आलं की मध्ये पोळीसारखा फुगा येतो आणि तो काही केल्या बसत नाही. टाके हातानंच घाला. मशीनची टीप चार पदरांवर कडक होते. एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून बघा: आतल्या बाजूला सुटा दोरा किंवा दोऱ्याचा फास राहता कामा नये. तान्ह्या बाळाच्या पायाच्या बोटाला तो गुंडाळला की रक्त थांबतं, आणि बाळ का रडतंय ते कळेपर्यंत बोट सुजलेलं असतं. टाके लहान ठेवा, म्हणजे बोट अडकणार नाही.

गोधडी बाळाच्या खाली, गादीवर ताणून. अंगावर सैल पांघरूण, उशी, लोड, कापडी बाहुल्या, यातलं काहीही झोपलेल्या बाळाजवळ नको. मोहरीची उशी करायची का, असं कुणीतरी नक्की विचारेल. मी माझ्या दोन्ही मुलांना वापरली होती, तेव्हा माहीत नव्हतं. आता वर्षाखालच्या बाळाला कुठलीच उशी नको म्हणतात, आणि त्यामागचं कारण मला पटतं: नाकातोंडाजवळ मऊ किंवा सरकणारं काही नको. मोहरी फोडणीला वापरा.

आणि गादी. पंधरा हजारांत नवी, ठणठणीत, हात आखडता न घेता घ्यायची ही एकच वस्तू. जुन्या घरातली कापसाची गादी पुन्हा पिंजून घेऊ नका, वर्षानुवर्षांची धूळ तिच्यात मुरलेली असते. गादीवाल्याला पाळण्याच्या आतलं माप देऊन नव्या कापसाची, पातळ आणि घट्ट भरलेली शिवून घ्या. तळहातानं दाबून उचलला की खड्डा राहता कामा नये, आणि कड व गादी यांच्यामध्ये दोन बोटांहून जास्त फट नको.

आता पाळणा. ‘रंगीत’ म्हणालात, पण रंगीत म्हणजे कसा, यावर सगळं अवलंबून आहे, आणि ते मी इथे बसून सांगू शकत नाही. दोन शक्यता आहेत.

पाय आणि दांड्या कातीव, गोल गोल गाठींच्या, मरून रंगावर सोनेरी नक्षी आणि वर काचेसारखी चमक असेल तर तो संखेड्याचा. डभोईवरून पुढे, आपल्याकडून तासाभरावर असलेल्या संखेड्यात खरादी लोक हे काम पिढ्यान्‌पिढ्या करतात. साग कातून त्यावर रंग देतात, कथील कुटून केलेल्या लगद्यानं ब्रशनं नक्षी काढतात, ती अकीकाच्या दगडानं घोटतात, आणि मग लाकूड फिरवत, ऊब देत त्यावर लाख चढवून केवड्याच्या पानानं चकाकी आणतात. नक्षी मुळात रुपेरीच असते. वरच्या लाखेमुळे ती सोनेरी दिसते. कोपऱ्यात लाख उडाली असेल तिथे आतली पांढुरकी नक्षी दिसेल, तीच ओळख. असा पाळणा असेल तर तुम्ही नशीबवान. त्याला घासू नका, पुन्हा रंगवू नका. आणि सॅनिटायझर किंवा स्पिरिटनं तर चुकूनही पुसू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, हात लावाल तिथे चिकट डाग पडेल. कोविडच्या काळात अशी दोन घोडियां, म्हणजे स्टँडसकटचे गुजराती पाळणे, माझ्याकडे रडत आली होती. पिळलेल्या ओल्या फडक्यानं पुसून लगेच कोरडं करायचं, आणि दुपारच्या उन्हात ठेवायचं नाही.

दुसरी शक्यता जास्त असते: साध्या लाकडावर ऑइलपेंट, दर बारशाला एक नवा हात. टवका उडालेल्या जागी बघा, कांद्यासारखे थर दिसतील, वर पांढरा, खाली आकाशी, त्याखाली हिरवा. आपल्याकडे घरगुती रंगांतलं शिसं दहा लाखांत ९० भागांवर आणणारा नियम २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं कितीही असू शकतं, आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी अशाच एका पाळण्याचा रंग मिस्त्रीकडून पॉलिशपेपरनं घासून घेतला होता, तोही गिऱ्हाइकाच्याच गॅलरीत, आणि ती बाई आठ महिन्यांची गरोदर, दारात उभी राहून कौतुकानं बघत होती. सगळ्या घरात पांढरी भुकटी. काही झालं नाही म्हणायचं, पण तो प्रसंग आठवला की अजून पोटात गोळा येतो. घासल्यानंच शिसं धूळ होऊन नाकातोंडात जातं. थरांचा पाळणा असेल तर तो बाळाला झोपवायला वापरू नका, घासू नका, रंग निघतच असेल तर घरातही आणू नका. रंग घट्ट असेल तर त्याची नुसती पुढची नक्षीदार फळी उंचावर ठेवता येईल.

वापरायचा पाळणा कुठलाही असो, दांड्यांमधली फट मोजा. सहा सेंटिमीटरहून जास्त नको. मोजपट्टी नसेल तर थंड पेयाचा नेहमीचा डबा आडवा घालून बघा, तो आरपार जात असेल तर फट मोठी आहे आणि बाळाचं अंग त्यातून घसरून डोकं अडकू शकतं. जुन्या पाळण्यांत हे मी कितीदा तरी पाहिलंय. मिस्त्री प्रत्येक फटीत एक जादा दांडी बसवून देतो, अर्ध्या दिवसाचं काम. पाळणा टांगायचा कुठे, हा प्रश्न भाड्याच्या घरात राहतोच. पंख्याच्या हुकाला अजिबात नको. लोखंडी स्टँड मिळतात, किंवा आपल्या गुजराती शेजाऱ्यांकडे घोडियुं असतंच. कुणाचं तरी मूल नुकतंच त्यातून उठलेलं असतं. चार महिन्यांसाठी मागून आणा. बडोद्यात घोडियुं मागायला कुणी लाजत नाही आणि द्यायला कुणी नाही म्हणत नाही. फक्त त्यातल्या कापडी खोयात, म्हणजे आपल्या झोळीत, बाळाला रात्रभर ठेवू नका. झोळीत पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. झोळी दिवसा, कुणीतरी समोर बसलेलं असताना. रात्री सपाट गादी, आणि बाळ पाठीवर.

सासूबाईंचा मुद्दाही इथेच सुटतो. तुम्ही इंदूरला असताना पाळणा मांडायची गरजच नाही. तो धुऊनपुसून, चादरीत गुंडाळून दांडिया बाजारातच राहू दे. तुम्ही परत याल तेव्हा त्यांच्याच हातून मांडून घ्या. बाकी खोलीला त्यांची हरकत नसावी. खुर्ची, पडदे, कपाट हे काही पाळणा नव्हे.

इथपर्यंतचं ध्यानात ठेवायचं झालं तर: आत्ता खुर्ची आणि ट्रंक, परत यायच्या वेळी गादी आणि पाळणा. आता भिंती.

नवजात बाळाला आठ ते बारा इंचांपलीकडचं नीट दिसत नाही. तुमचा चेहरा दिसतो, भिंत नाही. म्हणून पहिले दोन महिने भिंतीवर काय आहे याचा बाळाला काडीचाही फरक पडत नाही, ती हौस आपली. हौस करावी, पण हे माहीत असावं, म्हणजे त्यापायी कुणी पाच हजारांचे स्टिकर आणत नाही.

खिळे न ठोकता भिंत कशी सजवायची, यावर मी एकदा चांगलीच तोंडावर आपटलेय. लुगड्यांचे काठ उसवून मैद्याच्या खळीनं खोलीभर कमरेच्या उंचीवर चिकटवले होते. इतकं देखणं दिसत होतं की मीच फोटो काढून सगळ्यांना दाखवत फिरले. जुलैत घरच्यांचा फोन आला. खळीला कसर लागली होती, काठ चाळणीसारखा झाला होता आणि मागून झुरळं निघत होती. बडोद्याच्या पावसाळ्यात भिंतीवर खळ, डिंक, कागद यांतलं काही टिकत नाही. आता मी दीड इंच रुंदीच्या पातळ लाकडी पट्टीवर काठ ताणून मागच्या बाजूला टाचते आणि ती पट्टी माळ्याच्या कडेला किंवा खिडकीच्या चौकटीला बांधते. उतरवून धुता येते.

तुमच्या खोलीला माळा आहे का, ते लिहिलं नाहीत. बहुतेक फ्लॅटना असतो, आणि त्यावर सुटकेसा, फाटकी छत्री, मिक्सरचा रिकामा खोका. माळ्याच्या तोंडाला स्प्रिंगचा रॉड अडकवा, त्याला भोकं पाडावी लागत नाहीत. आणि रंग सुटणारी जी लुगडी बाजूला काढली असतील त्यांतलं एक अख्खं नऊवारी त्यावर चुण्या घालून सोडा. खोलीचं रूप एका दुपारीत पालटतं, तेही फुकट. तसंच खिडकीला, पण पश्चिमेची खिडकी असेल तर आत जाड अस्तर लावा. एप्रिल-मेत दुपारी तीनला तुम्ही मला दुवा द्याल.

रंगांची जोडी सुचत नसेल तर रावपुऱ्यातला तांबेकर वाडा एकदा बघून या. एकोणिसाव्या शतकातल्या त्या भिंतिचित्रांत विटकरी, हिरवा आणि पिवळट पांढरा जसे शेजारी बसलेत ते मी अनेक घरांत चोरलंय. लुगड्यांचे रंगही त्याच घराण्यातले असतात, म्हणून ते एकमेकांशी भांडत नाहीत. मोबाईलवरच्या फोटोंतली दुधी पांढरी खोली आपल्या लुगड्यांशेजारी फिकट आणि आजारी दिसते, हे माझं मत. तुमचं वेगळं असू शकतं.

आणखी एक अगदी बडोदी गोष्ट. उत्तरायणाला तुम्ही इंदूरला असाल, पण तुमचे यजमान इथेच असतील. त्यांना सांगा, चौदा जानेवारीच्या संध्याकाळी उरलेले पतंग फेकू नका. लहान आकाराचे आठ-दहा, रंग निवडून, काठावर सहज निघणारी रंगाऱ्याची टेप लावून वरच्या कोपऱ्यात तिरपे चिकटवायचे. किन्ना, म्हणजे पतंगाला बांधलेला दोरा, आधी कापून टाकायचा, आणि मांजाचा एक तुकडासुद्धा त्या खोलीत येता कामा नये. त्याला काचेची पूड असते. पावसाळ्यापर्यंत कागदाचा रंग उडेल. उडू दे, पुढच्या जानेवारीत नवे.

पाळण्यावर टांगायला कापडी चिमण्या करा. उरलेल्या लुगड्याच्या चिंध्यांतून पानाच्या आकाराचे दोन तुकडे, उलटे शिवून सुलटे करायचे, आत कापूस. डोळ्यांना मणी किंवा बटण नको, काळ्या दोऱ्याची गाठ मारून भरा. पोटाखाली काळ्या-पांढऱ्या चौकड्याचा तुकडा लावा, कारण बाळ खालून बघणार आणि त्याला आधी ठळक काळं-पांढरंच कळतं. बाजूनं सुंदर दिसणारी चिमणी खालून नुसता ठिपका असते, हे मला पाच-सहा झुंबरं केल्यावर सुचलं, एकदा स्वतः खाली आडवं होऊन बघितलं तेव्हा. भरतकामाच्या लाकडी रिंगणाला पाच चिमण्या पुरे. लोंबणारा दोरा सात इंचांहून लांब नको, रिंगण बाळाच्या हाताला लागेल इतकं खाली नको, आणि बाळ हातांवर उठू लागलं की ते काढून टाकायचं.

उजेडाचं झटकन सांगते: बांबूच्या टोपलीत कमी वॉटचा पिवळा एलईडी, खुर्चीच्या मागे. जुना दिवा आवडला तर दिवा ठेवा, पण वायर आणि होल्डर नवे टाका.

कपाट किंवा रॅक मात्र विचार करून घ्या. जुन्या बाजारातून घेणार असाल तर आधी वाकून पाय बघा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला जो पूर आला त्यात भिजलेलं बरंच सामान नंतर रंगवून विकायला आलेलं मी पाहिलंय. खालच्या वीतभर भागात प्लाय फुगलेला, कुबट वास किंवा नवाच रंग दिसला तर पुढे चला. उधई, म्हणजे वाळवी, लागलीय का, ते बोटानं टकटक करून बघा, पोकळ आवाज येतो. आणि कपाट भिंतीला स्क्रूनं बांधायलाच हवं. ऑगस्टपर्यंत बाळ रांगायला लागेल, मग धरून उभं राहील, खण ओढून त्यावर चढेल. घरमालकाशी भांडायचंच असेल तर त्या दोन स्क्रूंसाठी भांडा, फोटोफ्रेमसाठी नको. ट्रंकही खोलीत ठेवणार असाल तर झाकण काढून टाका किंवा झाकणाला पडू न देणारा टेकू बसवून घ्या. लोखंडी झाकण बोटांवर पडलं तर काय होतं, ते सांगायला नको. रंगाचे पोपडे निघत असतील तर ती मोठ्यांच्या खोलीत.

पैशांचा माझा अंदाज असा, भाव थोडे इकडेतिकडे होतील: गादी आणि दोन जादा खोळी यांना अडीच हजार, खुर्चीचा वेत दीड हजार, मिस्त्रीचे दोन दिवस आणि लाकूड मिळून तीन, रॉड, अस्तर आणि दिवा यांना दोन, मच्छरदाणी पाचशेच्या आसपास. साडेनऊ झाले. उरलेले साडेपाच हजार खर्चू नका. जूनमध्ये पाळणा जाऊन पलंग येईल, ते तेव्हा लागतील.

शेवटी तुमचा तो नावाच्या लाकडी अक्षरांचा प्रश्न. कापून घेऊ का, म्हणालात. नाव तर बारशालाच ठरेल, तेही आत्यानं कानात सांगितल्यावर, आणि ऐनवेळी बदललेली नावं मी बरीच पाहिलीत. भरतकामाची एक रिकामी फ्रेम, आजेसासूबाईंच्या लुगड्याचं कापड ताणून, इंदूरला बरोबर घेऊन जा. सव्वा महिन्यात आईकडे बसल्या बसल्या भरून होईल.

आणि पाळण्याच्या पितळी साखळ्या आजच मागवून घ्या. जुन्या काळ्या पडलेल्या साखळीला चिंचेचा कोळ लावून रात्रभर ठेवावं लागतं, आणि घासल्यावरच कळतं कुठली कडी झिजून पातळ झालीय. ती बदलून द्यायला तांबटाला आठवडा लागतो.